जाळं बाबांचं, सुरी तुझी

पत्र : "मावशी, मी हर्णैचा, वय 26. बारावीनंतर बाबांच्या बोटीवर जातो. बाबाच नाखवा म्हणजे बोटीचे मालक, बाबाच तांडेल म्हणजे बोट हाकणारे. गेल्या महिन्यात जाळ्यात दोन कासवं आली. एक धडपडत होतं, मानेभोवती आणि पुढच्या पायात जाळं रुतलं होतं. मी कुणाला न विचारता दहा-बारा हात जाळं कापलं आणि त्याला सोडलं. मोबाइलवर फोटोही काढले. दुसरं मेलं होतं, ते तसंच पाण्यात टाकलं. तेव्हापासून बाबा कामापुरतंच बोलतात. खलाशी 'कासवभट' म्हणून हाक मारतात. रात्री ते दुसरं कासव डोळ्यांपुढे येतं. आई म्हणते, एवढा हळवा आहेस तर मुंबईला नोकरी बघ. मी या धंद्याला नालायक आहे का?"

नाहीस. मुंबईचं मागाहून बघू, आधी कासवाचं.

सोडलंस ते बरोबरच केलंस. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात समुद्री कासव पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. पण पुढचं लिहावं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. कासव फुप्फुसाने श्वास घेतं. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही की ते निपचित पडतं, हात लावला तरी हलत नाही, आणि तरीही कधीकधी जिवंत असतं. अशा कासवाला पोटावर ठेवायचं, मागची बाजू जेमतेम वीतभर उचलून खाली फळी सरकवायची, म्हणजे फुप्फुसातलं पाणी निघतं. सावली हवी, पाठीवर ओलं गोणपाट, नाकपुड्या मोकळ्या. मग थांबायचं. चार तास, कधी अख्खा दिवस. तसंच पाण्यात टाकलं तर ते बुडतं.

तुझं दुसरं कासव मेलेलंच होतं का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. तुला माहीत नव्हतं. तुला झोप लागावी म्हणून मी हे गिळून टाकलं असतं, तर पुढचंही तसंच गेलं असतं.

झोपेचं म्हणशील तर, ओल्गा क्लिमेकी आणि तानिया सिंगर या मेंदूचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी काही माणसांना दुसऱ्यांच्या यातनांची दृश्यं दाखवून प्रयोग केले होते. नुसतं ते दुःख आपल्या अंगावर ओढून घ्यायला शिकलेली माणसं खचत गेली. त्याच माणसांना पुढे 'याचं भलं होवो' अशा मायेने बघायला शिकवलं, तेव्हा ती सावरली. तू रात्री कासवाबरोबर बुडतोयस. बोटीवर एक फळी आणि गोणपाट नेऊन ठेव, दिवसा. हाताला काम मिळालं की रात्रीचं थोडं हलकं होतं, असा माझा तरी अनुभव आहे.

आता बाबा.

तुझ्या पत्रात कासवाची मान दिसते, पाय दिसतो, रुतलेलं जाळं दिसतं. बाबांचा चेहरा एकदाही दिसत नाही. ते त्या वेळी काय करत होते? जाळं केवढ्याचं होतं? 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी, बोट किनाऱ्यावर, आणि घरखर्च काही थांबत नाही. डिझेल, बर्फ, खलाशांची उचल हे सगळं ज्याच्या डोक्यावर, त्याच्यासमोर त्याचं जाळं न विचारता कापलं गेलं, तेही पोटच्या पोराकडून, खलाशांदेखत. त्यांना कासवाचं वाईट वाटलं नसेल असं तू कशावरून ठरवलंस? माया तुझी होती रे, पण पैसे त्यांचे गेले. खलाशी चिडवतात तेही समजून घे, जाळं सांधायला त्यांनाच बसावं लागलं असणार.

(मी काही साधूसंत नाही. आमच्या आजोळी कासवाची अंडी घरात शिजायची, आणि मी ती आवडीने खाल्ली आहेत. पुढे 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला घरटी राखायला सुरुवात केली. आज त्याच गावात पिल्लं समुद्रात जाताना बघायला पाहुणे येतात, घरोघरी राहतात, जेवतात, पैसे देऊन जातात. गावकऱ्यांच्या पोटाचाही विचार झाला, म्हणून ते काम टिकलं असं मला वाटतं.)

तुझ्या बाबांच्या पोटाचीही सोय आहे. संरक्षित समुद्री जीव सोडवताना जाळं कापावं लागलं, तर राज्य सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. डिसेंबर 2018पासूनची योजना आहे. पुरावा म्हणून फोटो लागतात, आणि ते तू काढलेयस. महिना उलटलाय, तेव्हा उशीर न करता मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जा. एकटा जाऊ नकोस, बाबांना घेऊन जा. जाळं त्यांचं आहे.

निघण्याआधी त्यांना एवढंच म्हण, "बाबा, विचारायला हवं होतं." कासवाचं कौतुक त्या वाक्यात घुसडू नकोस. ते "हं" म्हणतील आणि चहा मागतील. आमचे वडीलही तसेच होते.

काय झालं ते कळव. आणि भरपाई आलीच, तर खलाशांना एक दिवस मटण घाल. तू नाही खाल्लंस तरी चालेल, कासवभटजी.

— मावशी