वाचकांचे प्रश्न : चिलरचे कंट्रोल आणि सेफ्टी

प्रश्न : प्लास्टिक मोल्डिंगच्या शेडमध्ये १० टन कूलिंगचा एअर-कूल्ड चिलर (पाणी गार करणारे मशीन) आहे, सेटिंग ७ अंश. सारखा ‘फ्लो’चा अलार्म यायचा. इलेक्ट्रिशियनने फ्लो स्विचच्या (पाणी फिरत नसेल तर मशीन थांबवणारा स्विच) टर्मिनलांत लूप (स्विच बायपास करणारी वायर) टाकला. तेव्हापासून मशीन बिनतक्रार चालते. तसेच राहू दिले तर चालेल? (भोसरी)

उत्तर : नाही. आजच चिलर बंद करून लूप काढा. अँटिफ्रीझ (पाणी गोठण्याआधी मशीन थांबवणारी सेफ्टी) ३-४ अंशांवर मशीन बंद करेल या भरवशावर लूप टाकला जातो, आणि फसगत तिथेच होते. त्याचा सेन्सर बहुधा बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या पाइपवर असतो. पंप थांबला की इव्हॅपोरेटरमधले (गॅस जिथे पाण्याची उष्णता घेतो तो भाग) पाणी जागच्या जागी गोठू लागते, पण प्रवाहच नसल्याने सेन्सरला ते वेळेवर कळत नाही. इव्हॅपोरेटर प्लेट हीट एक्स्चेंजरचा असेल तर त्यात पाणी मावते थोडे, त्यामुळे तो लवकर गोठतो आणि फुटतो. मग पाणी गॅसच्या लाइनमध्ये शिरते आणि कॉम्प्रेसरही जळतो.

अलार्म खरा होता का, हे आधी बघा. १० टनांना ५ अंशांचा फरक धरला तर मिनिटाला साधारण १०० लिटर पाणी फिरायला हवे. कॉम्प्रेसर पूर्ण लोडवर असताना येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचे तापमान वाचा. फरक ९-१० अंश असेल तर पाणी जवळपास निम्म्यावर आले आहे, स्विच बिचारा खरे बोलत होता. वाय-स्ट्रेनर (पाण्याच्या लाइनवरची गाळणी) उघडून धुवा; मग टाकीची पातळी, पंपातली हवा, अर्धवट बंद राहिलेला व्हॉल्व्ह. फरक ५ च्या आसपास असूनही अलार्म येत असेल तर स्विच काढून बघा. पॅडलवर (प्रवाहाने ढकलली जाणारी पट्टी) क्षार चढलेला असतो, पॅडल तुटलेले असते किंवा स्विचवरचा प्रवाहाचा बाण उलट्या दिशेला असतो. स्विचच्या आधी आणि नंतर पाइपच्या व्यासाच्या पाचपट सरळ लांबी लागते. एल्बोला खेटून बसवलेला नवा कोरा स्विचही फडफडतो.

पॅनेलमध्ये हात घालण्याआधी मेन आयसोलेटर बंद करून कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. कंट्रोल सप्लाय कधी कधी वेगळ्या एमसीबीवरून येतो. तोही बंद करा. मल्टिमीटर आधी चालू सॉकेटवर, मग टर्मिनलवर, मग पुन्हा सॉकेटवर लावा. मीटरच बिघडलेला असेल तर तो शून्यच दाखवणार. लूप काढल्यावर कॉम्प्रेसरचा ब्रेकर बंद ठेवून फक्त पंप चालवा आणि व्हॉल्व्ह हळूहळू आवळा. स्विचचा संपर्क तुटलाच पाहिजे.

प्रश्न : चिलरचा एलपी (गॅसचा दाब कमी झाला की मशीन बंद करणारा स्विच) ट्रिप होतो. गॅस भरला की तीन-चार महिने ठीक चालतो. एलपीचे सेटिंग खाली घेऊ का? (नाशिक)

उत्तर : घेऊ नका. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे. आर-२२ या गॅसचे बाष्पीभवन गेजवर ५८ पीएसआयला, आर-१३४ए चे २८ पीएसआयला ० अंशावर होते. सक्शन (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) याच्या बरेच खाली गेले आणि पाण्यात ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारे रसायन) नसेल, तर इव्हॅपोरेटरच्या आत बर्फ धरतो. सेटिंग उतरवले की हे थांबवणारा स्विचच तुम्ही गप्प बसवता. सांध्यांवर तेलकट डाग शोधा, सर्व्हिस व्हॉल्व्हची टोपणे उघडून साबणाचे पाणी लावा. सापडले नाही तर नायट्रोजनने प्रेशर टेस्ट. ऑक्सिजन चुकूनही नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. एक मात्र, स्ट्रेनर तुंबला तरी एलपी उडतो. त्यामुळे सिलिंडर मागवण्याआधी वरच्या उत्तरातला तापमानाचा फरक मोजा.

प्रश्न : ट्रान्सफॉर्मरचे काम झाल्यापासून चिलर सुरूच होत नाही, ‘फेज’ दाखवतो. (कोल्हापूर)

उत्तर : बहुतेक फेजचा क्रम उलटला आहे. तिन्ही फेजचे व्होल्टेज मोजा, एखादा गायब नाही ना बघा. ते बरोबर असेल तर सप्लाय बंद करून मेन इनकमरवर (पॅनेलमध्ये मुख्य सप्लाय येतो तिथे) कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा, कॉम्प्रेसरच्या टर्मिनलवर नव्हे. नाहीतर पंप आणि पंखे उलटेच फिरत राहतील. फेजचा क्रम बघणारा रिले बायपास करून स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा चालवला तर तो खडखडतो, थंड करत नाही आणि खराब होतो. वीज बराच काळ नव्हती ना? मग क्रँककेस हीटर (कॉम्प्रेसरचे तेल गरम ठेवणारा) किमान १२ तास चालू राहू द्या, पुस्तिकेत २४ लिहिले असतील तर २४. तेलात मिसळलेला गॅस निघून गेल्याशिवाय स्टार्ट देऊ नका.