फिट आणि घरातला ताण

प्रश्न : माझ्या मिस्टरांना (वय ३६) सहा महिन्यांत दोनदा झोपेत फिट आली. डॉक्टरांनी अपस्मार सांगून गोळ्या सुरू केल्यात. दोन वर्षं घराचं कर्ज, सासऱ्यांचं आजारपण आणि कारखान्यातली रात्रपाळी, सगळं एकदमच चाललंय. सासूबाई म्हणतात, "तुझ्या रोजच्या कटकटीनंच त्याला हे झालं." खरं असेल का हे?
– एक भगिनी, इस्लामपूर

उत्तर : ताई, नवरा-बायकोच्या भांडणानं कुणाला अपस्मार जडत नाही. हा दोष अंगाला लावून घेऊ नका.

ताणाचा काहीच संबंध नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ताण वर्षानुवर्षं राहिला की शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी पाझरणारं संप्रेरक, वाढलेलं राहू शकतं. कानशिलाच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा भाग असतो. तो कॉर्टिसॉलला फार हळवा, आणि मोठ्या माणसांच्या कितीतरी फिट त्याच्याच आसपास सुरू होतात. डेन्मार्कमधल्या २००७ सालच्या एका अभ्यासात, मूल गमावलेल्या आई-वडिलांत अपस्माराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं. तरी एकट्या ताणावर खापर फोडता येत नाही. डोक्याला पूर्वी लागलेला मार, बारीकसा स्ट्रोक, आपल्याकडे तर पट्टकृमीच्या अळीनं मेंदूत झालेली गाठ, अशी कारणं आधी शोधावी लागतात. एमआरआय झाला नसेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

मला जास्त काळजी वाटते ती रात्रपाळीची. सूतगिरणीत काम करणारा माझा एक पेशंट फिट आली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल फुली मारायचा. त्याची बायकोही तुमच्यासारखीच स्वतःला कोसत असायची. एकदा तिनं ते कॅलेंडरच गुंडाळून आणलं. टेबलावर पसरून आम्ही तिघांनी बोट फिरवत पाहिलं, तर जवळजवळ सगळ्या फुल्या पाळी बदलल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या! गोळ्या त्याच ठेवल्या, फक्त दिवसपाळीसाठी पत्र दिलं. पुढच्या पानांवर फुल्या विरळ होत गेल्या.

तुम्हीही नोंद ठेवा : झोप किती, गोळी चुकली का. असं पत्र तुमच्या डॉक्टरांकडून मागून घ्या. बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका. फिट आलीच तर त्यांना कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना गाठा.

आणि पुढच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्या. हे त्यांनी डॉक्टरांच्याच तोंडून ऐकायला हवं.