मुलगा चर्चला येत नाही, म्हणजे आम्ही कुठेतरी कमी पडलो का?

तुम्ही लिहिलंय की पोराला लहानपणापासून संडे स्कूलला घातलं, रोज रात्री घरात प्रार्थना घेतली, तरी आता विसाव्या वर्षी चर्चचं नाव काढलं की तो उठून जातो, मग बायबलमधलं नीतिसूत्रे 22:6 हे वचन खोटं समजायचं का. मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) वगैरे नाही हां, नगरकडच्या मिशनवाल्या घरात वाढलोय आणि बरीच वर्षं संडे स्कूल घेतलंय, तेवढ्यावरून बोलतो.

"मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे", म्हणजे म्हातारपणीही तो त्यापासून वळणार नाही, हे वचन आपल्याकडे लोक गॅरंटी कार्डासारखं वापरतात. अहो ती नीतिसूत्रं आहेत, अनुभवाचे बोल, देवाने करार करून दिलेला नाही. बायबलमधल्या शमुवेल संदेष्ट्याचंच बघा ना. तो लहानपणी ज्या एली याजकाकडे वाढला, त्याने आपल्या हफनी आणि फिनहास या मुलांना आवरलं नाही, त्याबद्दल घराण्याला शिक्षा होणार हा देवाचा निरोप शमुवेलानेच लहानपणी एलीला सांगितला, आणि पुढे त्याची स्वतःची दोन्ही पोरं लाच खाणारी निघाली (1 शमुवेल 8). एलीला देव दोष देतो, कारण माहीत असून त्याने मुलांना आवरलं नाही. पण शमुवेलाला मुलांवरून देव काही बोलला असं मी तरी कुठे वाचलं नाही.

आता प्रभाव पडतो का, तर पडतो, पण आपण पाडायला जातो तिथे नाही. आमचे पप्पा शिक्षक, रात्री आठला टीव्ही बंद, 'उपासना संगीत' या चर्चच्या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत, मग वचन पाठ म्हणायचं, चुकलं की पट्टी. "मुलांनो, आईबापांच्या आज्ञेत राहा" हे तर इतक्या वेळा ऐकलं की विचारू नका. दृढीकरणाच्या (चर्चचं पूर्ण सभासद होण्याआधीच्या) क्लासला पहिल्यांदा बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा 6 वा अध्याय अख्खा वाचला तेव्हा कळलं की तीनच ओळींनंतर बापांनाही सांगितलंय, मुलांना चिरडीस आणू नका म्हणून! ते आमच्या घरी कधी पाठ करायला नव्हतं.

आणि रविवारचं जेवण. चर्चमध्ये पाळकसाहेबांना वाकून सलाम, आणि घरी आलो की मटणाच्या ताटावर त्यांचा संदेश कसा लांबला, चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीत कोण कोणाचा माणूस, दानार्पणाचा हिशोब कुठे गेला, हेच दोन तास. माझा धाकटा भाऊ आता चर्चला जात नाही, तो म्हणतो आपल्या घरी मटणाबरोबर पाळकसाहेबपण शिजायचे. हसायला येतं पण खरंय ते. पाठ केलेली वचनं तो विसरला, जेवताना ऐकलेलं एक अक्षर विसरला नाही.

पण मूल आपल्या वाटेने आलं नाही म्हणजे आपलं काहीच त्याच्यात उतरलं नाही असंही नाही. पंडिता रमाबाई घ्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे कर्मठ वैष्णव ब्राह्मण, पण बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवायचंच म्हणून भल्याभल्यांचा रोष घेतला. पुढे 1883 मध्ये रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणजे बापाचा धर्म तर सुटलाच. तरी केडगावला (नगरचं नव्हे, दौंडजवळचं) मुक्ती मिशनमध्ये टाकून दिलेल्या बायकापोरींना शिकवणं आणि हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणणं, ही हिंमत कुठून आली असेल? मला तर त्यात अनंतशास्त्रीच दिसतात. धर्म बदलला, पण शिकायची-शिकवायची जिद्द बापाचीच.

म्हणून मुलाला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर वचन पाठवत असाल तर प्लीज थांबवा, तो उघडतही नसेल. चुकलं असेल तिथे सरळ त्याच्यासमोर चुकलं म्हणा, पण ते म्हणून लगेच "मग रविवारी येतोस ना" असं विचारू नका, नाहीतर आधीचं सगळं पाण्यात.

पप्पांना हे जमायला सत्तरी उजाडावी लागली. हल्ली गुडघ्यांमुळे त्यांना चर्चला भाऊच स्कूटरवर सोडतो, स्वतः समोरच्या टपरीवर चहा घेत बसतो, उपासना संपली की घेऊन येतो. आत ये असं पप्पा म्हणत नाहीत. जेवताना पाळकसाहेबांचा विषय मी काढला तर मलाच गप्प करतात.