पाचव्या दिवशीची ऊब, चाळिसाव्या दिवशीचे ऊन

प्रश्न : कंपनीशी करार करून पाळलेले पाच हजार ब्रॉयलर (मांसासाठीचे, चाळीसेक दिवसांत विकायचे पक्षी) आहेत. मार्चअखेरीस विक्रीला चार दिवस उरले असताना एका दुपारी दोनशेवर पक्षी गेले. मे महिन्यातल्या लॉटला (एकदम टाकलेल्या पिल्लांच्या गटाला) ऊन त्याहून जास्त होते, पण एवढी मरतूक झाली नाही. असे का? (काटोल)

उत्तर : मे महिन्यातली पिल्ले पहिल्या दिवसापासून उकाड्यातच वाढली. मार्चअखेरचा तुमचा लॉट फेब्रुवारीच्या गार रात्रींत मोठा झाला. त्या पक्ष्यांना धाप म्हणजे काय हे माहीतच नव्हते आणि दोन दिवसांत पारा चढला. ऊन किती, याइतकेच ते किती अचानक आले हेही महत्त्वाचे.

दुसरे कारण वजन. कोंबडीला घाम येत नाही. तिचे अंग मुळातच ४१-४२ अंश सेल्सिअस असते. तुरा आणि पाय यांतून थोडी उष्णता जाते, बाकी सगळी भिस्त धापेवर. अंगाचे तापमान ४६-४७ अंशांपर्यंत गेले की पक्षी वाचत नाही. दोन किलोंचा, दाटीत बसलेला पक्षी तिथे लवकर पोचतो. म्हणून नेमका विक्रीला आलेला, सगळे खाद्य खाऊन झालेला मालच आधी जातो. याचे दुःख मला शेतकऱ्याइतकेच आहे.

खाद्य पचतानाही अंगात उष्णता तयार होते. सकाळी नऊच्या सुमारास खाद्याची भांडी उचला आणि संध्याकाळी पाचनंतर ठेवा. पहाटे चारला दिवे लावून खाऊ द्या. पाणी मात्र क्षणभरही बंद नको. भर दुपारी शेडमधून सावकाश एक फेरी मारा. पक्षी उठले की पोटाखाली कोंडलेली गरम हवा निघते. सावकाशच, त्यांना पळवलेत तर उलटे होईल.

प्रश्न : पिल्लांना लहानपणी एक दिवस मुद्दाम जास्त तापवले तर मोठेपणी उन्हात टिकतात, असे ऐकले. खरे आहे का? ब्रुडरचे (पिल्लांना ऊब देणारे) बल्ब वाढवू का? (अकोला)

उत्तर : खरे आहे, पण बल्बांना हात लावायच्या आधी पुढचे वाचा.

अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाच दिवसांची पिल्ले २४ तास साधारण ३५ ते ३८ अंशांत ठेवली होती. विक्रीच्या वयात त्यांना कडक उष्णता दिली, तेव्हा त्यांच्यात मरतूक कमी झाली. इस्राएलच्या व्होल्कानी संस्थेत यावर पुढे बरेच काम झाले. तिथे तिसऱ्या दिवशी ३६ ते ३७.५ अंश ठेवत. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या मेंदूतले तापमान सांभाळणारे केंद्र अजून घडत असते. त्या दिवसांत बसलेला चटका ते लक्षात ठेवते. असा पक्षी पुढे उन्हात कमी उष्णता निर्माण करतो. त्या दिवशी वाढ खुंटते, पण पुढच्या आठवड्यांत वजन बहुधा भरून निघते. फायदा मात्र प्रत्येक लॉटमध्ये सारखा दिसत नाही.

आता तुमची शेड. त्या वयाला नेहमीच्या ब्रुडिंगमध्ये ३२-३३ अंश असतात. म्हणजे फक्त चार-पाच अंश वाढवायचे आहेत. थर्मामीटर भिंतीवर टांगू नका, पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ठेवा. भिंतीवरच्या आकड्यावर विसंबून ४० ओलांडलेत, तर सवय लागायच्या आधी पिल्ले जातील. पाण्याची भांडी वाढवा आणि रात्रीही माणूस ठेवा. लसीचा दिवस टाळा. प्रवासातून दमून आलेल्या, सुकलेल्या पिल्लांवर हा प्रयोग नकोच.

हे कोणत्या लॉटला करावे? फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत टाकलेल्या पिल्लांना, म्हणजे जी चाळिसाव्या दिवशी नेमकी उन्हात सापडणार आहेत त्यांना. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचे छप्परच हे काम करते. तिथे तुम्ही पिल्ले गार ठेवण्याच्या मागे लागा. करारातले पक्षी असतील तर आधी कंपनीच्या सुपरवायझरला सांगा, नाहीतर वजन घटल्याचा हिशेब तुमच्या नावावर लागेल.

प्रश्न : उन्हाळ्यात अंड्यांचे कवच पातळ पडते, वाहतुकीत फुटतात. खाद्यात चुना वाढवला तरी फरक नाही. (सांगली)

उत्तर : पडणारही नाही. धापेबरोबर कोंबडीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाहून जातो. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यातला कार्बोनेटचा भाग रक्तातूनच येतो, तो कमी पडतो. चुना असून उपयोग काय? अमेरिकेत संशोधकांनी कोंबड्यांना चक्क सोडा वॉटर पाजून कवच सुधारल्याचे दाखवले होते. तुम्ही एवढे करू नका. खाद्यातल्या मिठाचा काही भाग खाण्याच्या सोड्याने बदलता येतो; प्रमाण तुमच्या पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. कवच रात्री घडते, म्हणून शिंपल्याचा जाडसर चुरा संध्याकाळी द्या.

आणि छपरावरची काळी टाकी! दुपारी त्या नळाचे पाणी तुम्ही स्वतः पिऊन बघा. टाकीवर सावली करा, गोणपाट गुंडाळून ओले ठेवा, पाइप मातीखाली पुरा. औषधांच्या बाटल्यांआधी हा खर्च.

प्रश्न : विदर्भातल्या नातेवाइकाने शेडमध्ये फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे नळ) लावले, त्याला फायदा झाला. मी लावले तर पक्ष्यांखालची तुसाची गादी ओली होऊन वास मारतेय. (रत्नागिरी)

उत्तर : तुमच्या हवेत आधीच इतका दमटपणा आहे की तुषार उडून जात नाहीत, खाली तुसावर बसतात. मग अमोनिया होतो आणि मागून रक्ती हगवण येते. तुम्हाला वारा हवा : पडदे पूर्ण उघडा, पंखे लावा, पक्षी विरळ ठेवा. नागपूरकडे उलट. तिथे ४४-४५ अंशांची हवा कोंबडीच्या अंगापेक्षाही गरम असते, नुसता पंखा तिला भाजतोच. तिथे पाणी हवेच.

प्रश्न : परसात उघड्या मानेच्या कोंबड्या पाळाव्यात का? (यवतमाळ)

उत्तर : जरूर. मान उघडी ठेवणाऱ्या जनुकाची एक प्रत असली तरी पिसे सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतात; दोन असतील तर जवळपास ४० टक्क्यांनी. तेवढी उष्णता सहज बाहेर पडते. दिसायला बोडक्या, म्हणून काही गिऱ्हाइके नाक मुरडतात. डिसेंबरच्या पहाटे मात्र त्यांच्या खुराड्यावर गोणपाट टाका.