सोमवारी नववी 'ब'चा पहिला तास आणि पोटात गोळा

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड झाली, लातूर सोडून सिंधुदुर्गातल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षण सेवक म्हणून रुजू झालात, सोमवारी शाळा उघडतेय आणि पहिलाच तास नववी 'ब'वर गणिताचा. झोप उडालीय, घशाला कोरड पडते, आणि 'आवाज थरथरला तर पोरं पहिल्या मिनिटात ओळखतील' याची धास्ती. बी.एड.चे सराव पाठ चांगले झाले होते, मग आत्ताच असं का होतंय, हेही विचारलंय.

आधी तेच घेते. सराव पाठात वर्ग उसना असतो. मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले, त्यामुळे पोरंही शहाण्यासारखी वागतात. पाठ बरा झाला किंवा फसला, तरी उद्या तो वर्ग ज्याचा त्याला परत. इथे हा वर्ग वर्षभर तुमच्या नावावर आहे. शिवाय गाव नवं, खोली भाड्याची, 18 हजारांचं मानधन आणि कायम होईपर्यंतची तीन वर्षं कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही हा विचार. माझं स्पष्ट मत सांगू? तुमच्या भीतीतला निम्मा वाटा मुलांचा नाहीच. शेजारच्या वर्गातून कोण ऐकतंय, गोंगाट झाला तर पर्यवेक्षक येतील का, त्याचा आहे. तो वाटा वेगळा काढून ठेवा. पहिल्या दिवशी अख्ख्या शाळेत गोंगाट असतो. प्रवेशोत्सव, पुस्तकवाटप, बाकांवरून भांडणं... तुमच्या वर्गाकडे बघायला कुणाला फुरसत नसते.

आता आवाजाचं. आपल्या छातीत जे धडधडतंय ते समोरच्याला दिसतंच, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं फार थोडं बाहेर पोचतं. सवित्स्की आणि गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली भाषण करणाऱ्यांवर यासंबंधी प्रयोग केले. 'तुमची घबराट तुम्हाला वाटते तेवढी ऐकणाऱ्यांना दिसत नाही' एवढं ज्यांना आधी समजावून सांगितलं होतं, त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली, असं ऐकणाऱ्यांनीही सांगितलं. म्हणजे ही नुसती समजूत घालणं नाही, माहीत असल्याचा उपयोग होतो. आणि सर, तुम्ही कोकणात आहात. पाऊस जोरात लागला की पत्र्याखाली तुमचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जाणार नाही, तो थरथरता असो की खणखणीत. म्हणून पहिल्या तासाला भाषण ठेवूच नका. फळ्यावर लिहा आणि मुलांच्या हाताला काम द्या.

तुम्ही प्रश्नात शेवटी, जरा लाजतच, लिहिलंय की तुमच्या बोलण्याला मुलं हसतील. हसतील. तुमच्या तोंडून 'काय करायलास?' आलं की मागचा बाक खुसखुसणारच, आणि 'खंय गेललंस?' ऐकून तुम्ही गोंधळलात तरी खुसखुसणार. त्यात कुचेष्टा कमी आणि नवल जास्त असतं. माझ्या शाळेत घाटावरून आलेले बरेच सर बघितले. प्रमाण भाषेत अवघडून बोलणाऱ्यांची नक्कल वर्षभर चालायची. जे आपल्या बोलीत मोकळे बोलायचे त्यांची नक्कल गणपतीच्या सुट्टीपर्यंत टिकायची नाही. 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' असं तुम्हीच विचारलंत तर पोरं उत्साहाने मालवणी शिकवायला बसतील. मात्र पहिल्या दहा मिनिटांत हे नको. तो धडा एकदा सुरू झाला की आवरत नाही.

शनिवारी शाळेत जाऊन या. मुख्याध्यापकांना सांगून नववी 'ब'ची खोली उघडून बघा. फळ्यावर खडू नीट उमटतो का, मागच्या बाकावरून अक्षर दिसतं का, खिडकीतून पाऊस कुठल्या बाकांवर येतो. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण रात्री डोळे मिटल्यावर दिसणारी खोली खरी असली की तिची भीती कमी वाटते. हजेरीपटावरची नावं शिपाईमामांकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या. घाडीगावकर, मेस्त्री, फर्नांडिस ही आडनावं जिभेला वळण लागलेली बरी. मामांना हेही विचारा की या वर्गातली किती मुलं एसटीने येतात आणि पहिली गाडी किती वाजता पोचते. नाहीतर तुम्ही सुरुवात केल्यावर दहाजण भिजलेल्या छत्र्या घेऊन दारात उभे राहतात आणि तुमची लय तुटते. पहिल्या आठवड्यात पटही पूर्ण भरत नाही. काहीजण अजून मुंबईत, काहींच्या घरी पेरणीची गडबड. तेव्हा भरगच्च वर्गाचं जे चित्र डोळ्यांसमोर आणून घाबरताय, तेवढी मुलं सोमवारी नसतीलच.

पहिल्या दहा मिनिटांची वाक्यं वहीत लिहून काढा. टाचण वहीतली उद्दिष्टं वगैरे नव्हेत, तोंडून जाणारी वाक्यं. नाव, गाव, 'या वर्षी गणित मी शिकवणार' आणि लगेच काम. घाबरलेला माणूस तिथल्या तिथे वाक्य जुळवायला गेला की अडखळतो, पाठ वाक्य मात्र आपोआप येतं. दहा मिनिटं निघाली की पुढचा तास निभतो.

कामासाठी तुम्हाला पुस्तकानेच सोय करून दिलीय. नववीच्या गणित भाग 1 मध्ये पहिलंच प्रकरण संच. फळ्यावर दोन मोठी वर्तुळं काढा, एकमेकांत थोडी गुंतलेली. एकात एसटीने येणारे, दुसऱ्यात ज्यांचं भावंड याच शाळेत आहे ते. एकेक मूल उठून फळ्याशी येईल, योग्य जागी स्वतःचं नाव लिहील आणि नाव सांगून जागेवर बसेल. दोन्हीत बसणारी मुलं मधल्या भागात नाव लिहितील आणि तुम्ही 'छेद' हा शब्द न उच्चारता छेद, म्हणजे दोन संचांतला सामाईक भाग, शिकवलेला असेल. कुठेच न बसणारा एखादा विचारेल, 'सर, मी खंय लिहू?' त्याला वर्तुळांबाहेर जागा द्या आणि सगळ्यांभोवती चौकट काढा. झाला सगळ्यांना सामावणारा विश्वसंच. मग दोन्ही वर्तुळांतली नावं वेगवेगळी मोजायला लावून बेरीज करायला सांगा. ती वर्तुळांत नाव असलेल्या प्रत्यक्ष मुलांपेक्षा जास्त येईल. का आली, हे शोधण्यात वर्ग गुंततो आणि मधली मुलं दोनदा मोजली गेली हे कुणीतरी ओरडून सांगतंच.

या सगळ्यात वर्गाची नजर फळ्यावर असते, तुमच्यावर नाही. आणि तुम्हाला नावं, गावं, कोण कुणाचा भाऊ, कोण पुढे यायला लाजतो, सगळं कळतं.

एक मात्र टाळा. 'गणितात हुशार कोण, हात वर करा' हे पहिल्या दिवशी बरेच जण विचारतात. हुशार मुलांचा संच होत नाही हे त्याच प्रकरणात आहे, कारण हुशार कुणाला म्हणायचं ते नेमकं ठरत नाही. शिवाय हात वर न करणाऱ्यांनी वर्षभरासाठी आपली जागा ठरवून टाकलेली असते.

प्रश्न विचारल्यावर शांतता पसरली तर घाबरू नका. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात, असं मेरी बड रो यांना अमेरिकेतल्या वर्गांत आढळलं होतं. तीन सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं लांब आणि विचार केलेली येऊ लागली. तुम्हाला युगासारखी वाटणारी शांतता पोरांना जाणवतही नाही. मनात एक ते पाच म्हणा.

शिक्षक खोलीत कुणीतरी तुम्हाला बाजूला घेऊन सांगेल, 'दिवाळीपर्यंत हसायचं नाही, पहिल्या दिवशीच दरारा बसला पाहिजे.' मान डोलवा, चहा प्या आणि विसरून जा. मुळात घाबरलेल्या माणसाने आणलेला दरारा पोरांना लगेच कळतो. आवाज चढवण्यापेक्षा फळ्याजवळून निघून बोलणाऱ्या बाकापाशी जाऊन उभे राहा. तिथून शिकवणं चालू ठेवा. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं.

शरीराचं थोडक्यात. घसा कोरडा पडतो कारण ताणात लाळ कमी सुटते. पाण्याची बाटली टेबलावर ठेवा, मधेच घोट घेतला तर कुणी हसत नाही. वर्गाच्या दाराशी जाण्याआधी चार-पाच श्वास असे घ्या की बाहेर सोडायला आत घेण्यापेक्षा दुप्पट वेळ लागेल, धडधड उतरते. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि तिसरा चहा घेऊ नका. शाळा सुरू होऊन काही आठवडे गेले तरी झोप येईना, जेवण जाईना, तर मग ही नवखेपणाची धास्ती नव्हे. डॉक्टरांना भेटा किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

मंगळवारबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सोमवारपेक्षा तोच जास्त अवघड जातो. सोमवारी पोरं तुम्हाला बघत असतात, मंगळवारी चाचपतात. कुणीतरी वही आणणार नाही, कुणी मागून आवाज काढेल. सोमवारी संध्याकाळीच फळ्यावरच्या नावांपैकी दहा-बारा पाठ करा आणि मंगळवारी आत शिरल्या शिरल्या त्यांना नावाने हाक मारून कामाला लावा. त्यात मागच्या बाकावरची तीन तरी असू द्या. सोमवारी फळा पुसण्याआधी मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा, नावं पाठ करायला तोच लागेल.