मीठ की क्लोरीन? घरच्या पूलबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे आमचं शेतघर आहे. २० बाय १० फुटांचा पूल बांधून झालाय, खोली सरासरी साडेचार फूट. पाणी बोअरचं. पूलवाला म्हणतो, सॉल्ट सिस्टिम बसवा, क्लोरीनची कटकटच नाही. बसवू का? पूलच्या खालच्या अंगाला द्राक्षबाग आहे, फिल्टर धुतल्याचं पाणी तिकडेच सोडायचा विचार आहे.

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच निकाल आहे. पण आधी पूलवाल्याचं म्हणणं तपासू. सॉल्ट सिस्टिममध्येही पाणी क्लोरीननेच शुद्ध होतं, फक्त तो कॅनमधून न येता जागेवर तयार होतो. पाण्यात मीठ विरघळवायचं आणि फिल्टरनंतरच्या पाइपात सेल बसवायचा. सेलमधल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून वीज गेली की मिठापासून क्लोरीन सुटतो. आपलं काम करून तो पुन्हा मिठाच्याच रूपात येतो, त्यामुळे मीठ खर्च होत नाही. ते जातं बॅकवॉशमधून, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुताना, गळतीतून आणि पोरांनी उडवलेल्या पाण्यातून. रोज न चुकता थोडा थोडा क्लोरीन मिळत राहणं हा या यंत्राचा खरा फायदा. डोळे चुरचुरतात ते घाम-लघवीशी क्लोरीन मिसळून झालेल्या क्लोरामाइनमुळे. साध्या पूलमध्येही क्लोरीन १ ते ३ पीपीएम (एक पीपीएम म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम) आणि पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता मोजणारा आकडा, ७.२ ते ७.६ राखला तर तो त्रास होत नाही.

आता तुमचा हिशोब. पूलमध्ये साधारण २५,५०० लिटर पाणी बसेल. बहुतेक यंत्रांना ३,२०० पीपीएमच्या आसपास मीठ लागतं, म्हणजे तुम्हाला सुमारे ८० किलो. ५०० मिलिमीटरचा सँड फिल्टर तीन मिनिटं बॅकवॉश केला की ४०० लिटर पाणी बाहेर पडतं, त्यात सव्वा किलोच्या वर मीठ. आठवड्याला एकदा धुतलात तरी महिन्याला पाच किलो मीठ बागेत. द्राक्षाच्या मुळांभोवतीच्या मातीची क्षारता १.५ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या (क्षारता मोजायचं एकक) वर गेली की उत्पादन घसरू लागतं, आणि तुमच्या पूलचं पाणी सहाच्या घरात असेल. आधी पानांच्या कडा करपतील. काळ्या रानात सोडियम साचत गेला तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी होईल, आणि ती सुधारायला जिप्सम टाकत वर्षं घालवावी लागतील.

दुसरी अडचण बोअरची. कॅल्शियमचं पाणी सेलमध्ये शिरलं की पट्ट्यांवर गिझरच्या कॉइलसारखा पांढरा थर बसतो. सेलमुळे पीएच सतत वर चढतो, त्याने हा थर आणखी जोर धरतो. कॅल्शियम हार्डनेस ४०० पीपीएमच्या वर असेल तर सेल सारखा धुवावा लागेल आणि तो लवकर जाईल. एरवी तीन ते पाच वर्षं चालतो.

म्हणून तुम्ही साधं क्लोरीनच ठेवा, तेही द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजेच हायपो. ग्रामपंचायतीच्या टाकीत टाकतात ती टीसीएल पावडर किंवा ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट नको, दोन्ही पाण्यात आणखी कॅल्शियम घालतात. १० टक्क्यांचं द्रावण २५५ मिली टाकलं की तुमच्या पूलमध्ये क्लोरीन १ पीपीएमने वाढतो. उन्हाळ्यात रोज अर्धा ते पाऊण लिटर लागेल. ते संध्याकाळी, पंप चालू ठेवून टाका. ऊन क्लोरीन खातं, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला पाऊण किलो सायन्युरिक ॲसिड विरघळवून ३० पीपीएम स्टॅबिलायझर करा. हायपोचे कॅन सावलीत ठेवा आणि पंधरा दिवसांपुरतेच आणा, एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याची ताकद झरझर उतरते. एक गोष्ट लपवत नाही : याही पद्धतीत हळूहळू मीठ साचतं, १० पीपीएम क्लोरीनमागे साधारण १६ पीपीएम. सॉल्ट पूलच्या मानाने ते थोडं, तरी बॅकवॉश बागेत न सोडता शोषखड्ड्यात सोडा.

बंगला गंगापूर रोडला, पाणी महापालिकेचं आणि बॅकवॉश ड्रेनेजला जात असता, तर आम्ही सॉल्ट सिस्टिम घ्या म्हणालो असतो. तेव्हा तासाला १२ ते १५ ग्रॅम क्लोरीन देणारं यंत्र निवडा म्हणजे ते निम्म्या ताकदीवर चालेल. फ्लो स्विच (पाणी थांबलं की सेल बंद करणारा) नसलेलं यंत्र मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नका. सेलमध्ये हायड्रोजनही तयार होतो. पाणी थांबलं आणि वीज चालू राहिली तर तो पाइपात कोंडतो.

प्रश्न : आमच्याकडे सॉल्ट सिस्टिम आहे. डिसेंबरपासून यंत्र ‘मीठ कमी’ दाखवतंय. दोन गोण्या टाकल्या तरी तेच. पाणी हिरवट दिसतं.

उत्तर : तिसरी गोणी उघडू नका. यंत्र मीठ चाखत नाही, पाण्यातून वीज किती जाते ते मोजतं. गार पाण्यातून वीज कमी जाते आणि थर बसलेल्या पट्ट्यांतूनही कमीच जाते. पाणी १५ अंशांच्या आसपास आलं की बरेचसे सेल क्लोरीन करणंच थांबवतात. नाशिकच्या थंडीत उघड्यावरचा पूल तिथवर उतरू शकतो. हिवाळाभर हाताने हायपो टाका, शेवाळ धरणार नाही.

मीठ यंत्रावर न पाहता मीठ मोजायच्या वेगळ्या टेस्ट स्ट्रिपने मोजा. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले सगळे क्षार मोजणारं) वापरणार असाल तर भरण्याच्या पाण्याचा टीडीएस त्यातून वजा करा. मीठ ४,५०० च्या वर गेलेलं आढळलं, तर पाणी काढून ताजं भरणं हाच उपाय.

सेल धुताना मेन स्विच बंद करा, व्हॉल्व्ह लावा, सेल खोला. हातमोजे-चष्मा घालून बादलीत चार भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड ओता. आधी पाणी, मग ॲसिड, उलटं कधीच नाही. दहा मिनिटं बुडबुडे येतील, ते थांबले की थर गेला. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. पट्ट्यांवरचा रुथेनियमचा लेप गेला की सेल मेला. पुढच्या वेळी मीठ घ्याल ते विनाआयोडीन, शुद्ध, गुठळ्या न होण्याची पावडर न मिसळलेलं. आणि पावसाळ्यात पूल ओसंडून मीठ पातळ झालं तरी लगेच भर घालू नका, दसऱ्यानंतर एकदाच मोजा.

प्रश्न : फ्लोटरमध्ये टॅब्लेट टाकतो. स्ट्रिप क्लोरीन ३ दाखवते, तरी शेवाळ येतंच.

उत्तर : त्या टॅब्लेट टीसीसीएच्या, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिडच्या असणार. प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे त्या ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड सोडतात, आणि ते उडून जात नाही. रोज २ पीपीएम धरलं तर तीन महिन्यांत ते शंभरच्या वर जातं. क्लोरीन आहे, पण या जास्तीच्या सायन्युरिक ॲसिडने जखडलेला. निम्मं पाणी बदला आणि पुढे टॅब्लेट फक्त गावाला जाताना वापरा. टॅब्लेटच्या डब्यात किंवा फ्लोटरमध्ये कॅल्शियम हायपोक्लोराइट चुकूनही पडू देऊ नका, दोन्ही एकत्र आले की पेट घेतात, स्फोटही होतो. चमचासुद्धा वेगळा.

प्रश्न : सॉल्ट पूलला शहाबादी फरशीची कड चालेल?

उत्तर : नको. मिठाचं पाणी फरशीच्या छिद्रांत मुरतं, वाळताना स्फटिक फुगतात आणि पापुद्रे सुटतात. काळा पाषाण टिकेल. शिडी ३१६ ग्रेडच्या स्टीलची घ्या. ३०४ ला वर्षभरात तांबूस ठिपके दिसू लागतील, तेही आधी वेल्डिंगच्या सांध्यांवर.