वाचक विचारतात: मांड कुणाचा, मान कुणाचा?

शिगमो, म्हणजे आपला गोव्याचा फाल्गुनातला होळीचा उत्सव, जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो, यंदाही निम्म्या पत्रांत मानपानाची भांडणं आहेत. त्यातलं एक सविस्तर घेतो, दोन जरा बरे प्रश्न शेवटी.

प्रश्न: आमचा गाव सत्तरीत. रोमटात (शिगम्याच्या मिरवणुकीत) ढोल वाजवायला आमचा वाडा लागतो, पण मांडावर (शिगमो मांडतात त्या देवाच्या जागेवर) नमन, म्हणजे देवाला घातलेली साद, चालू झालं की आम्हाला खाली उभं करतात, "तुमच्या जातीचे इथे चढत नाहीत" म्हणून. गेल्या वर्षी पोरांनी जाब विचारला तर राडा झाला, समोरच्यांनी पोलीस बोलावले आणि शिगमोच बंद. आई म्हणते देवाचं काम कोर्टात नेऊ नये, देवी बघून घेईल. देवीवर माझीपण श्रद्धा आहे. काय करू? (एक वाचक, वाळपई)

उत्तर: बाय, आईला एवढंच विचार की देवी बघून घेणारच होती तर समोरच्यांनी पोलीस कशाला बोलावले?

आता मुद्द्याचं. तुमच्या गावात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय. पहिला नारळ कुणाचा, नमन कोण घालणार, तरंग (देवाचा सजवलेला खांब) कुणाच्या खांद्यावर, हे घराण्यांचे मान. देवस्थानाचा कारभार अजून पोर्तुगीज काळातल्या 1933 च्या कायद्याने चालतो, महाजनांची (देवस्थानाच्या हक्कदार सभासदांची) नोंद असते, वर मामलेदार, म्हणजे तालुक्याचा सरकारी अधिकारी, बसलेला असतो, आणि मानाचा वाद एकदा दिवाणी कोर्टात गेला की आजोबांनी घातलेली केस नातू लढवतो. त्यात तुम्ही पडू नका, तुम्हाला कुणाचा मान काढून घ्यायचाच नाहीये.

पण "तुमच्या जातीचे इथे चढत नाहीत" हा मान नव्हे, तो मज्जाव. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला धार्मिक किंवा सामाजिक रूढीत, विधीत, मिरवणुकीत भाग घ्यायला अडवणं हा 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 4 खाली सरळ गुन्हा आहे, त्याला मामलेदाराची परवानगी लागत नाही, तक्रार पोलिसात होते. देवळाच्या दाराचं म्हणाल तर तो निकाल 1958 लाच लागलाय. कर्नाटकातल्या मुल्कीचं व्यंकटरमण देऊळ गौड सारस्वतांचं, त्यांचं म्हणणं होतं की देऊळ आमच्या समाजाचं, आत कुणाला घ्यायचं ते आम्ही ठरवणार. सुप्रीम कोर्ट म्हणालं, समाजाचे काही खास विधी तेवढे समाजापुरते ठेवा, पण दर्शनाला सगळ्या हिंदूंना दार उघडं पाहिजे. म्हणजे श्रद्धा एका बाजूला आणि न्याय दुसऱ्या बाजूला असं कोर्टानेपण केलं नाही, दोघांनाही जागा करून दिली.

करायचं काय, तर रोमटाच्या रात्री काही करू नका, तेव्हा ढोल आणि डोकी दोन्ही तापलेली असतात. शिगम्याआधी गावची बैठक बसते ना, तिथे जा, आणि देवस्थान समितीला लेखी द्या, पोच घ्या, एक कॉपी पंचायतीला. ऐकलं नाही तर मग पोलीस. एक गोष्ट मात्र मला अजिबात आवडत नाही, ती म्हणजे जमावबंदी लावून सगळा शिगमोच बंद करणं (सगळे अजून तिला 144 च म्हणतात, नव्या कायद्यात ती 163 झालीय), कारण मग ज्याला खाली उभं केलं त्याच्याच नावाने वर्षभर बोटं मोडतात की यांच्यामुळे शिगमो गेला. बंदोबस्त मागा, बंदी मागू नका.

प्रश्न: वसंत पंचमीला आमच्याकडे पहाटे धुकं आणि थंडी. मग वसंत आला कुठे? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: पंचांगात वसंत चैत्र-वैशाखाचा, माघातली पंचमी म्हणजे फक्त वर्दी. खरी खूण पाहिजे तर सावरीचं झाड बघा, एक पान नाही आणि अंगभर लाल फुलं, खाली साळुंक्यांचा बाजार. बाजारात सुरंगीचे वळेसर (गजरे) दिसायला लागले, काजूला बोंडू धरला, की समजा आला. आंबेवाल्यांसमोर मात्र त्या धुक्याचं कौतुक करू नका, त्यांचा मोहोर त्यानेच करपतो.

प्रश्न: माझा ख्रिस्ती मित्र आमच्या रोमटात नाचतो. यंदा आमचे काही लोक कुरकुर करतायत, तिकडे त्याच्या घरीपण. काय सांगू? (एक वाचक, केपे)

उत्तर: तुमच्या लोकांना कुंकळ्ळीला घेऊन जा. फातर्पेहून देवीच्या उत्सवात 12 वांगडांच्या (घराण्यांच्या गटांच्या) 12 छत्र्या निघतात, आणि कुंकळ्ळीच्या गांवकरांत (गावच्या मूळ घराण्यांत) हिंदू आहेत तसे ख्रिस्तीही आहेत. चांदोरला कार्निव्हलात ख्रिस्ती मंडळी मुसळं आपटत नाचतात, तो खेळ कदंबांच्या जुन्या राजधानीतला. कुरकुर करणाऱ्यांपेक्षा हे सगळं जुनं आहे.

त्याच्या घरच्यांचं मात्र ऐकून घ्या. शिगमो बहुतेक त्यांच्या 40 दिवसांच्या उपासाच्या काळात येतो, आणि काही घरांत त्या दिवसांत नाचगाणं नको असतं. त्यालाच विचारा, त्याच्या वतीने तुम्ही ठरवू नका. आणि रोमटानंतर जेवायला बोलावणार असाल तर वार बघा, शुक्रवारी मटण नको.